नारू, बारव आणि हातपंप : मराठवाड्यातील एका लुप्त रोगाचा इतिहास

१

राजवटी, लढाया, सनदा आणि महसूल यांचा इतिहास लिहिण्याची साधने आपल्याकडे विपुल आहेत. सामान्य माणसाच्या शरीराला जे भोगावे लागले त्याचा इतिहास लिहिण्याची साधने त्या मानाने विखुरलेली आहेत. प्लेग, पटकी, देवी ह्यांसारख्या साथींत गावेच्या गावे ओस पडत. त्यामुळे त्यांची नोंद सरकारी दप्तरांत झाली. परंतु जे रोग माणसाला सहसा मारीत नसत, केवळ ऐन पेरणीच्या दिवसांत त्याला महिना दोन महिने अंथरुणाला खिळवून ठेवीत, त्यांची दखल घेण्याचे कारण दप्तराला फारसे पडत नसे. नारू हा असाच एक रोग होय.

हा रोग आज भारतात नाही. त्याचा अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. मराठवाड्यातील वयोवृद्ध माणसांना नारूचे नाव माहीत आहे, पण त्यांच्या नातवंडांना तो शब्दही अपरिचित वाटतो. रोगाचे विस्मरण हे त्याच्या निर्मूलनाचे उत्तम प्रमाण आहे हे खरे. तथापि विस्मरणाबरोबर तो रोग कोणत्या ज्ञानाने, कोणत्या साधनांनी आणि कोणाच्या श्रमांनी गेला हेही विस्मृतीत जाते, आणि ते मात्र इष्ट नव्हे. प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. नारूवर एकही औषध वा लस हाती नसताना तो नाहीसा झाला. तो कसा, हे समजून घेण्यासाठी वैद्यकाइतकेच आपल्या विहिरींच्या बांधणीकडे लक्ष द्यावे लागते, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. नारू हा एक लांब, पांढरट, सुतासारखा कृमी आहे. शास्त्रीय परिभाषेत त्याला ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस म्हणतात. त्याची पूर्ण वाढलेली मादी सुमारे पाऊण ते एक मीटर लांब असते. ती माणसाच्या त्वचेखालून सरकत सरकत बहुधा पायाकडे येते, तेथे फोड उठतो, आणि फोड फुटला की कृमीचे टोक बाहेर दिसू लागते. ह्या फोडाची आग इतकी असह्य असते की रोगी साहजिकच पाय गार पाण्यात बुडवू पाहतो. पाण्याचा स्पर्श होताच कृमी आपली लक्षावधी सूक्ष्म पिले पाण्यात सोडतो.

उपचार एकच होता, आणि तो फार प्राचीन आहे. बाहेर आलेले टोक एका काडीवर गुंडाळावयाचे आणि दररोज थोडेथोडे, काही बोटे इतकेच, ओढून घ्यावयाचे. ह्या कामी कित्येक आठवडे जात. घाई केली आणि कृमी मध्येच तुटला तर जखम पिकत असे. सांध्यापाशी तुटला तर पाय कायमचा आखडण्याचे भय असे. भावप्रकाश व योगरत्नाकर ह्या ग्रंथांत स्नायुक नावाने वर्णिलेला रोग तो हाच, असे सामान्यतः मानले जाते. फारसीत ह्याला रिश्ता, म्हणजे धागा, म्हणत. लॅटिन नावातील मेडिनेन्सिस हे पद अरबस्तानातील मदीना नगरावरून आले आहे. एवढ्या विस्तृत भूप्रदेशातील लोकांनी त्याला नावे दिली, त्याचे वर्णन केले आणि काडीचा उपायही शोधला. तथापि तो शरीरात येतो कोठून हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणासही निश्चितपणे सांगता आले नाही.

ह्याचे कारण रोगाच्या कालक्रमातच दडलेले आहे. दूषित पाणी पोटात गेल्यापासून कृमी त्वचेबाहेर येईपर्यंत सुमारे एक वर्ष लागते. पटकीमध्ये पाणी पिणे आणि आजारी पडणे ह्यांत काही तासांचे वा दिवसांचे अंतर असते. तेथे संशय पाण्याकडे वळणे शक्य असते. येथे मात्र गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्यालेल्या घोटाचे फळ ह्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिळावयाचे. मधे एक पावसाळा, एक सुगी आणि एक हिवाळा निघून गेलेला असावयाचा. अशा स्थितीत कार्यकारणभाव शेतकऱ्याच्या दृष्टीला दिसला नाही यात आश्चर्य नाही. तो विद्वानांनाही दिसला नव्हता.

३

आता ज्या प्रदेशाविषयी बोलावयाचे आहे त्याकडे वळू. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गाव गोदावरीच्या काठी वसले आहे. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहे. जनाबाईंच्या नावाशी निगडित कथांत विठ्ठल तिच्यासाठी दळतो, केर काढतो आणि पाणी भरतो. पाणी भरणे हे स्त्रीच्या रोजच्या श्रमांतील किती जड काम होते याची ही लोकमानसाने ठेवलेली नोंदच म्हणावी लागेल. गंगाखेड तालुक्याच्या उत्तरेस नदीकाठची काळी जमीन आहे, तर दक्षिणेकडे बालाघाटाच्या डोंगररांगा चढत जातात. नदीकाठच्या गावाला गोदावरीचे पाणी मिळे. डोंगराकडील गावांना मात्र विहिरी, बारवा, नाले आणि झरे ह्यांवरच भिस्त ठेवावी लागे.

हा भेद नारूच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. वाहत्या पाण्यात नारूचे जीवनचक्र सहसा पूर्ण होत नाही. त्याला साचलेले, लहान आणि माणसांनी वारंवार वापरलेले पाणी लागते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की थोड्या पाण्यात सर्व जीवजंतू दाटीने एकवटतात, आणि त्याच वेळी माणसांची दाटीही त्याच पाण्यावर होते. म्हणून नारूचे दिवस म्हणजे उन्हाळा आणि पावसाळ्याचा आरंभ, अर्थात शेतीच्या मशागतीचे आणि पेरणीचे दिवस. घरातील कर्ता पुरुष वा स्त्री नेमकी त्याच वेळी अंथरुणास खिळली की त्या घराचे वर्षाचे पीक धोक्यात येई. रोगाने माणूस मरत नसला तरी घर कर्जात जाई, ही गोष्ट अर्थेतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

अशा साचलेल्या पाण्याचे मराठवाड्यातील सर्वांत भव्य रूप म्हणजे बारव. यादवकाळापासून ह्या प्रदेशात दगडी पायऱ्यांच्या विहिरी बांधल्या गेल्या. परभणी जिल्ह्यातील चारठाणा आणि वालूर येथील बारवा प्रसिद्ध आहेत. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात आणि तिची रचना पाहणाऱ्यास विस्मित करते. गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील गुप्तेश्वर मंदिर ज्या शिल्पपरंपरेची साक्ष देते, तिच्याच सान्निध्यात जलवास्तूंचीही परंपरा वाढली. विहीर खोदणे हे पूर्तधर्मातील मोठे पुण्य मानले जाई, आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेल्या बारवा व घाट ह्यांमागेही तीच भावना होती.

बारवेची बांधणी कशासाठी होती हे नीट ध्यानात घ्यावे. काळ्या कातळाच्या ह्या प्रदेशात पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे फार खालीवर होते. आडातून पाणी काढावयाचे तर दोर, पोहरा आणि रहाट हवा; पाणी खोल गेले की दोरही लांब हवा. पायऱ्यांच्या बारवेत मात्र ज्याच्यापाशी काहीच साधन नाही असा वाटसरूसुद्धा पाण्यापर्यंत उतरून ओंजळीने पाणी पिऊ शकतो. दुष्काळात हीच पायरी प्राण वाचवी. परंतु ज्या पायरीने माणूस पाण्यापर्यंत पोहोचला त्याच पायरीने त्याचा पायही पाण्यापर्यंत पोहोचला. नारूचा फोड झालेली स्त्री घागर भरण्यास शेवटच्या पायरीवर उतरली की तिचा पाय पाण्यात बुडे, कृमीची पिले पाण्यात पडत, आणि त्याच पाण्याच्या घागरी घरोघर जात. जिचा पाय दुखतो तिलाही पाणी भरणे चुकत नसे. ह्यात कोणाचा अपराध नव्हता. दान करणाऱ्याचा नव्हता, बांधणाऱ्याचा नव्हता, आणि पाणी भरणाऱ्याचा तर नव्हताच.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बारव ही सर्वांसाठी असे हे विधान सामाजिक इतिहासाच्या कसोटीस पुरते उतरत नाही. अस्पृश्य मानलेल्या समाजांना गावच्या सार्वजनिक पाणवठ्यावर येण्यास बंदी असे. पाण्याचा हा हक्क मागण्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. ज्यांना बांधीव विहिरीवर मज्जाव होता त्यांना नाल्यातील डबक्याचे वा झऱ्याचे पाणी प्यावे लागे. तेही साचलेलेच पाणी. म्हणजे नारूच्या दृष्टीने दोन्ही पाणवठे सारखेच धोक्याचे होते.

४

कार्यकारणभावाचा शोध कसा लागला ह्याची हकीकत केवळ परदेशांतील नाही. तिचे काही महत्त्वाचे दुवे मुंबईत आणि दख्खनच्या पठारावर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावर वैद्यकीय सेवेत असलेले निसर्गअभ्यासक हेन्री जॉन कार्टर ह्यांनी तलावांच्या गाळात आढळणाऱ्या सूक्ष्म कृमींचा अभ्यास केला, आणि हेच कृमी स्नान करणाऱ्याच्या त्वचेतून आत शिरून नारू होतात असे मत मांडले. मत चुकीचे होते. परंतु पाणवठ्याशी नारूचा संबंध आहे हे निरीक्षण खरे होते. दोष इतकाच की कृमी पाण्यातून त्वचेत जात नव्हता, तर त्वचेतून पाण्यात येत होता.

१८७० च्या सुमारास रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेंको ह्यांनी तुर्कस्तानात ह्या कोड्याचा महत्त्वाचा भाग उलगडला. नारूची पिले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या, एकदोन मिलिमीटर लांबीच्या कवचधारी जलचराच्या शरीरात जातात आणि तेथे वाढतात, असे त्यांनी दाखविले. सायक्लॉप्स हा नुसत्या डोळ्यांना पाण्यातील हलत्या ठिपक्यासारखा दिसतो. पुढे ब्रिटिश कृमिशास्त्रज्ञ रॉबर्ट लायपर ह्यांनी पश्चिम आफ्रिकेतील अभ्यासानंतर १९०७ साली असे प्रसिद्ध केले की जठरातील आम्लाइतक्या सौम्य आम्लात सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या पोटातील नारूची पिले मोकळी होऊन चपळपणे हालू लागतात. त्यांनी असे सायक्लॉप्स केळ्यातून माकडास खाऊ घातले, आणि सहा महिन्यांनंतर त्याच्या शवविच्छेदनात नारू आढळले. पाणी पिण्याने रोग होतो ह्याचा हा प्रबळ पुरावा होता.

माणसाच्या बाबतीतील प्रायोगिक पुरावा मुंबईने दिला. परळ येथील बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, जी १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट ह्या नावाने ओळखली जाते, तेथे डॉ. तर्खड ह्यांनी १९१३ च्या सुमारास स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींना दूषित सायक्लॉप्स पाजून माणसात नारू उत्पन्न होतो हे प्रत्यक्ष दाखविले. हाफकिन ह्यांच्या प्लेगवरील लसीचे नाव ज्या संस्थेशी जोडले गेले, तिच्याच इतिहासातील हे प्रकरण फारसे उल्लेखिले जात नाही. प्रयोगकर्त्यांचे नाव उरले. ते पाणी प्यालेल्या व्यक्तींची नावे वैद्यकाच्या इतिहासात उरली नाहीत. अशा प्रयोगांच्या नैतिक मर्यादा आज आपण अधिक काटेकोरपणे आखतो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या अनामिकांचे ऋण मान्य न करता ही हकीकत सांगणे अपुरे ठरेल.

चौथा दुवा म्हैसूर संस्थानातील चितळदुर्ग, म्हणजे आजचा चित्रदुर्ग, ह्या जिल्ह्यातील आहे. तेथील भूप्रदेश व विहिरी आपल्याकडील परिस्थितीशी बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत. १९३० नंतरच्या दशकात मूर्ती आणि स्वीट ह्या दोघा संशोधकांनी पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे लहान मासे सोडून रोग आटोक्यात आणता येतो असे दाखविले. त्यांनी कुत्र्यांनाही प्रयोगाने नारू होऊ शकतो हे सिद्ध केले. ह्या दुसऱ्या निष्कर्षास त्या वेळी कोणी व्यावहारिक महत्त्व दिले नाही. त्याचे महत्त्व पुढे येईलच.

५

सारांश, १९१५ पर्यंत रोगाचे कारण ज्ञात झाले होते. पायाचा पाण्याशी संबंध तोडला, किंवा पाणी दाट फडक्यातून गाळून प्याले, तर नारूचे चक्र तुटते, हे ज्ञान त्या काळच्या कोणत्याही राज्यास उपलब्ध होते. असे असूनही मराठवाड्यातून नारू जाण्यास त्यानंतर सुमारे तीन पिढ्या का लागाव्यात?

गंगाखेडचा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. ह्याच राज्याच्या हद्दीतील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस ह्यांनी डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले. हैदराबाद शहरात १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करण्यासाठी निजामाच्या आश्रयाने दोन समित्या बसल्या होत्या, आणि त्यांची चर्चा युरोपातील वैद्यकीय नियतकालिकांत झाली. म्हणजे ह्या राज्यात जागतिक कीर्तीचे वैद्यकीय संशोधन झालेच नाही असे म्हणता येत नाही. परंतु संशोधन राजधानीत आणि छावणीत झाले. परभणी, बीड, उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांतील खेड्यांच्या पाणवठ्यांपर्यंत त्याचा हात पोहोचला नाही. राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. गावातील स्त्रियांची भाषा मराठी होती. ज्ञान आणि पाणवठा ह्यांमधील हे अंतर केवळ मैलांचे नव्हते.

सोव्हिएत मध्य आशियातील उदाहरण येथे तुलनेसाठी घेण्यासारखे आहे. बुखारा शहरात पायऱ्यांच्या उघड्या हौदांतून पाणी भरले जाई आणि नारूने शहर ग्रासलेले होते. १९२० नंतरच्या दशकात इसायेव्ह ह्यांच्या नेतृत्वाखाली हौद उपसणे, रुग्ण शोधणे आणि बंद पाणीपुरवठा करणे हे काम नेटाने झाले, आणि १९३१ पर्यंत तेथील स्थानिक रोग संपला. ज्ञान तेच होते. फरक होता तो ते अमलात आणणाऱ्या यंत्रणेचा.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ह्या संक्रमणाच्या काळात रस्ते, शाळा आणि दवाखाने ह्यांची उभारणी सुरू झाली, परंतु खेड्यातील पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सुटण्यास आणखी एक साधन हवे होते. ते साधन मराठवाड्याच्याच भूमीत आकारास येऊ लागले, ही गोष्ट आपल्या इतिहासात जितकी ठळक व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही.

६

दख्खनच्या कठीण पाषाणात विंधन विहीर घेणे हाताच्या अवजारांनी अशक्यप्राय होते. १९६० नंतरच्या दशकात हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आली आणि एकेका दिवसात खोल भोक पाडणे शक्य झाले. पण भोकातून पाणी वर आणावयाचे कसे? बाजारातील बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले होते. गावातील शेकडो माणसे दिवसभर दांडा मारू लागली की ते काही आठवड्यांतच मोडत. विंधन विहीर असून पंप बंद, म्हणून स्त्रिया पुन्हा बारवेवर, असे चित्र सर्वत्र दिसे.

ह्या अडचणीवर पहिला उपाय जालना येथे निघाला. तेथील मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामात गुंतलेल्या मंडळींनी पंपाचे डोके पोलादाचे केले, आणि अनेक खिळ्यांच्या जागी एकाच मजबूत कण्यावर दांडा बसविला. हा जालना पंप होय. त्यात सुधारणा करून सोलापूर येथे जो पंप तयार झाला, त्यात दांडा व आतील सळई ह्यांना जोडण्यासाठी साखळी आणि चाप ह्यांची योजना होती. त्यामुळे सळई नेहमी सरळ रेषेत खालीवर होई आणि झीज कमी होई. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात विंधन विहिरींची निकड शतपट वाढविली. पुढे युनिसेफच्या पुढाकाराने, मद्रास येथील अभियंत्यांनी सोलापूर पंपाच्या आधारावर एक प्रमाणित पंप सिद्ध केला, त्याची कोइम्बतूर भागात कसून चाचणी झाली, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो इंडिया मार्क टू ह्या नावाने कारखान्यांतून बाहेर पडू लागला. जगातील अनेक देशांत आज ह्याच घडणीचे पंप आहेत. जालना आणि सोलापूर ही त्याच्या वंशावळीतील आरंभीची नावे होत.

वैद्यकाच्या इतिहासात हातपंपाचा समावेश करणे काहींना विचित्र वाटेल. परंतु नारूचे चक्र ध्यानात घेतले तर हातपंप हे रोगप्रतिबंधाचे साधन ठरते. बारवेत जे अंतर शून्य होते ते ह्या साधनाने शंभर फुटांचे केले: पाय वर आणि पाणी कातळाखाली. माणसामाणसांतील अंतर मिटविणे मात्र त्याच्या शक्तीबाहेरचे होते. पंपाच्या दांड्याला कोणी हात लावावा ह्यावरून अनेक गावांत वाद झाले, आणि तो प्रश्न यंत्राने नव्हे तर सामाजिक चळवळीनेच सुटावयाचा होता.

७

१९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पेयजल व स्वच्छता दशक म्हणून पाळले. ह्याच काळात, १९८३-८४ मध्ये, भारताने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. दिल्लीच्या राष्ट्रीय संचारी रोग संस्थेकडे त्याची सूत्रे होती. आरंभी महाराष्ट्रासह सात राज्यांत नारू आढळत होता, आणि १९८४ साली देशात सुमारे ४०,००० रुग्णांची नोंद झाली.

कार्यक्रमाची पद्धत साधी होती. आरोग्य कर्मचाऱ्यांनी ठराविक काळाने घरोघर जाऊन रुग्ण शोधावयाचा. त्याची जखम बांधून त्याला पाणवठ्यात न उतरण्यास सांगावयाचे. पाण्यात टेमेफॉस हे औषध अतिशय अल्प प्रमाणात टाकून सायक्लॉप्स मारावयाचे. घरोघर पाणी गाळण्यास दाट जाळीचे कापड द्यावयाचे. आणि पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून, पायऱ्या बंद करून, त्यांचे आडात रूपांतर करावयाचे. रोग ओसरू लागल्यावर रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. पाणी गाळून पिण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार होती. तिच्यामागील एक कारण आता लोकांना दाखविता आले. शेतात वा वाटेवर ओंजळीने पिणाऱ्याजवळ गाळणे नसे, एवढीच त्या जुन्या रीतीची उणीव होती.

रोगाचे एक वैशिष्ट्य येथे उपकारक ठरले. माणूस आणि सायक्लॉप्स ह्यांच्याखेरीज नारूला भारतात तिसरा आश्रय नव्हता. माणसात तो सुमारे वर्षभरच राहतो, आणि सायक्लॉप्सचे आयुष्य तर त्याहूनही पुष्कळ अल्प असते. म्हणून एका गावात एक वर्ष कोणाचाही पाय पाण्यात पडला नाही, तर त्या गावातून रोग कायमचा जातो. जे वर्षभराचे अंतर शेकडो वर्षे रोगाचे रहस्य लपवीत आले, तेच अखेर त्याच्या नाशाचे कारण झाले. बारा वर्षांच्या आत ४०,००० ची संख्या शून्यावर आली. ह्या यशात प्रयोगशाळेचा वाटा आहेच, परंतु उन्हातान्हात वाडीवस्तीवर फिरणाऱ्या आरोग्यसेवक व सेविकांचा वाटा त्याहून मोठा आहे.

८

जगाच्या पातळीवर मात्र ही कथा अद्याप संपलेली नाही. १९८६ साली जगात नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. २०२३ साली १४ आणि २०२४ साली १५ रुग्णांची नोंद झाली. देवीनंतर माणसाचा दुसरा रोग पृथ्वीवरून नाहीसा होण्याच्या बेतात असताना आफ्रिकेतील चाड देशातून एक अनपेक्षित वार्ता आली. २०१२ पासून तेथे कुत्र्यांत नारू आढळू लागला. आनुवंशिक तपासणीत कुत्र्यांतील आणि माणसांतील कृमी एकाच जातीचे असल्याचे दिसले. पाण्याखेरीज मासे व बेडूक ह्यांच्यामार्फतही कृमी कुत्र्यांच्या पोटात जात असावा ह्या दिशेने अलीकडील संशोधन चालू आहे, आणि जागतिक निर्मूलनाची मुदत २०३० पर्यंत वाढविण्यात आली आहे.

वाचकास येथे चितळदुर्गच्या प्रयोगांची आठवण होईल. कुत्र्यास नारू होऊ शकतो हे मूर्ती आणि स्वीट ह्यांनी १९३० नंतरच्या दशकातच दाखविले होते. त्यांचा निष्कर्ष ग्रंथालयात राहिला, कारण त्या वेळी त्याची गरज नव्हती. एखाद्या विज्ञानाचा इतिहास अभ्यासणे हा केवळ पूर्वजांचा गौरव करण्याचा उद्योग नव्हे, हे दाखविण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

आपल्या प्रदेशापुरता विचार करता दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बारवांविषयी. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात आणि एकूण महाराष्ट्रात जुन्या बारवा गाळ उपसून स्वच्छ करण्याचे स्तुत्य काम लोकांनी हाती घेतले आहे. त्यांच्या शिल्पाचा अभिमान योग्य आहे, आणि भूजलाच्या दृष्टीनेही हे काम उपयुक्त आहे. परंतु बारवेच्या इतिहासातून नारूचे पान फाडून टाकणे योग्य नाही. ज्यांनी विसाव्या शतकात बारवांच्या पायऱ्या बुजविल्या त्यांस वारशाचे शत्रू समजणाऱ्याने, ती कृती कशासाठी झाली हे आधी जाणून घ्यावे. त्याचप्रमाणे उघड्या पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी शुद्धीकरणाशिवाय पिण्यास वापरू नये, हा धडा नारू गेला तरी खरा राहतो; पटकी, विषमज्वर आणि काविळीचे काही प्रकार त्याच वाटेने येतात.

दुसरी गोष्ट हातपंपाविषयी. विंधन विहिरींनी नारू घालविला, पण त्याच विंधन विहिरींनी भूजल खोल नेले. मराठवाड्याच्या काही भागांत खोलवरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अपायकारक आढळते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांस स्मरत असेल. पंप कोरडा पडला की माणूस पुन्हा जे मिळेल त्या पाण्याकडे वळतो, आणि पाण्यापासून सुरक्षित अंतर राखण्याची जी व्यवस्था तीन पिढ्यांच्या श्रमांनी उभी राहिली ती एका दुष्काळात ढासळू शकते. म्हणून नारूचे निर्मूलन हे एकदाच मिळविलेले आणि आता निर्धास्तपणे विसरावयाचे यश नव्हे. तो पाण्याच्या एका व्यवस्थेचा परिणाम होता, आणि ती व्यवस्था टिकवावी लागते.

गंगाखेड, पालम, जिंतूर, सेलू ह्या तालुक्यांत नारूची काडी ज्यांच्या घरात एके काळी होती अशी माणसे अद्याप हयात आहेत. कोणत्या विहिरीच्या पायऱ्या कोणत्या साली बुजल्या, पहिला हातपंप कोणत्या आळीत बसला, तेथे कोणास पाणी भरू दिले गेले, ह्या गोष्टी त्यांच्या स्मरणात आहेत. कागदोपत्री साधने उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा तीन भाषांत विभागलेली आहेत, आणि ती एकत्र वाचल्याशिवाय हा इतिहास पुरा व्हावयाचा नाही. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावापासून ह्या कामास आरंभ करावा. दप्तरे आणखी काही काळ थांबू शकतील. ज्यांनी हा रोग स्वतः भोगला त्यांच्या साक्षी मात्र फार काळ थांबणार नाहीत.